तोच शेवट एकाला लांबलेला, दुसरीला कापलेला

'रिटर्न ऑफ द किंग', म्हणजे टॉल्किन ह्यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या पुस्तकावरचा तिसरा पिक्चर, मी पहिल्यांदा घरी बघितला, दादाबरोबर. दादाने पुस्तकाला हातही लावलेला नाही आणि माझे तिन्ही खंड वाचून झालेले, आवडते भाग तर किती वेळा ते विचारूच नका. तर ज्याला त्याला मोहात पाडणारी ती भयंकर अंगठी एकदाची ज्वालामुखीत पडली, ती तिथवर घेऊन आलेल्या फ्रोडो आणि सॅमला गरुडांनी उचललं, पडदा पांढरा झाला आणि दादाने उठून लाइट लावला. पिक्चर चालूच. लाइट बंद केला. मग राज्याभिषेक, सगळं शहर त्या चार बुटक्यांसमोर वाकलं, म्युझिक टिपेला पोचलं, दादा परत उठला, परत बसला. तिसऱ्या वेळी जागचा हललाच नाही, नुसतं म्हणाला, "अगं, हे आज संपणारे की नाही?" आणि मी त्याच्या शेजारी अगदी उलट्या काळजीत, की घरी परतल्यावरचं ते प्रकरण अजून कसं येत नाहीये. ते आलंच नाही.

कुठलं प्रकरण ते सांगते. पुस्तकात हे चौघं हॉबिट (तेच चार बुटके) शायरला, म्हणजे आपल्या गावाकडे परततात तेव्हा तिथे वाट लागलेली असते, झाडं तोडलेली, घरं पाडलेली, बाहेरून आलेल्या गुंडांचं राज्य, आणि ह्या सगळ्यामागे कोण तर युद्धात हरलेला दुष्ट जादूगार सारूमान. एवढं मोठं युद्ध करून आलेल्या पोरांना आपल्याच गावासाठी परत लढावं लागतं. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होते आणि १९१८ पर्यंत त्यांच्या जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे गेलेले, त्यामुळे युद्धावरून परतलेल्याला घर जसं सोडलं तसं सापडत नाही हे त्या प्रकरणात फार आतून आलंय असं मला तरी वाटतं. पिक्चरमध्ये शायर हिरवंगार, जसंच्या तसं. चौघं पबमध्ये बसून एकमेकांकडे बघतात आणि आजूबाजूच्यांना कशाचा पत्ताच नाही. बदललेत ते फक्त हे चौघं. खरं सांगायचं तर तो सीन सुंदर आहे, पण ती वेगळीच गोष्ट झाली.

आता गंमत बघा, शेवटची तीच वीस-पंचवीस मिनिटं. न वाचलेल्यांची जगभर एकच तक्रार, की ह्या पिक्चरला शेवट तरी किती. वाचलेल्यांची तक्रार, की शेवटच कापला. दोघंही तीच फ्रेम बघतायत, दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

पुस्तकावरच्या सिनेमाबद्दलची मतं एवढी का भांडतात हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. न वाचलेला माणूस एक पिक्चर बघतो. वाचलेला एका वेळी दोन बघतो, एक समोरचा आणि एक डोक्यातला, जो त्याने स्वतःच डायरेक्ट केलाय, कास्टिंगसकट, आणि ज्याला बजेटचं बंधन नव्हतं. मग तो जे मत देतो ते समोरच्या पिक्चरवर कमी आणि दोघांतल्या अंतरावर जास्त असतं. फ्रोडोचंच घ्या, पुस्तकात तो प्रवासाला निघतो तेव्हा पन्नाशीचा असतो, त्याला वाढवणाऱ्या बिल्बोची ती मोठी पार्टी आणि फ्रोडोचं निघणं ह्यात १७ वर्षं गेलेली असतात. पिक्चरमध्ये तो कोवळा पोरगा आहे आणि १७ वर्षं गेल्याचं कुठेच जाणवत नाही. दादाला ह्यात काही खटकायचं कारणच नाही. मला पहिला अर्धा तास तोच हिशेब.

पण सरळ दोन गट पाडून मोकळं होता येत नाही. वाचलेल्यांतच जास्त भांडणं आहेत, कारण पुस्तकाचा गाभा कोणता ह्यावरच एकमत नाही. आणि हे भांडण डायरेक्टर पीटर जॅक्सनच्या ह्या पिक्चरपासून सुरू झालं असं कुणाला वाटत असेल तर नाही, ते खुद्द लेखकापासून आहे. पुस्तकं आली १९५४-५५ मध्ये, आणि १९५७ मध्येच अमेरिकेतून काही मंडळी सिनेमाचा प्रस्ताव घेऊन आली. त्यांनी पाठवलेली पटकथेची रूपरेषा वाचून टॉल्किननी १९५८ मध्ये लांबलचक पत्र लिहिलं, मुद्द्यागणिक चिरफाड. गरुड हवे तिथे टॅक्सीसारखे का येतायत, मारामाऱ्यांचाच सोस का, माझी माणसं अशी बोलत नाहीत, असा एकूण सूर. म्हणजे आज लोक जे बोलतात तेच, फक्त लेखक स्वतः. (पैशाच्या बाबतीत मात्र ते व्यवहारी होते. एकतर भरपूर पैसे द्या, नाहीतर मला नकाराधिकार द्या, अशी त्यांची आणि त्यांच्या प्रकाशकांची भूमिका होती.)

त्या पत्रातला एक मुद्दा मला फार आवडतो. कापायला त्यांची ना नव्हती, सगळं थोडंथोडं कोंबण्यापेक्षा एखादी गोष्ट पूर्णच काढा असं त्यांचं म्हणणं. उदाहरण म्हणून ते सांगतात, की चालणारी-बोलणारी झाडं, म्हणजे एंट, आणि हॉर्नबर्गची लढाई ह्या दोघांना पुरेशी जागा मिळणार नसेल तर एक उडवा, आणि उडवायची ती लढाई, कारण मूळ गोष्टीच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे. हॉर्नबर्गची लढाई म्हणजे कोणती? हेल्म्स डीप! दुसऱ्या पिक्चरची जान, रात्र, पाऊस, भिंत उडते ती. पुस्तकात ते सगळं एका प्रकरणात आटपतं. आजही 'टू टावर्स' म्हटलं की दहातले नऊ जण तीच लढाई आठवतील, आणि ज्याने गोष्ट लिहिली त्याच्या मते गेली असती तरी चालली असती. आता इथे कोण बरोबर? मला स्वतःला ती लढाई प्रचंड आवडते, त्यामुळे ह्या बाबतीत मी लेखकाचं ऐकत नाही.

आता जरा पिक्चर बनवणाऱ्याच्या बाजूने बघू, कारण आपण प्रेक्षक 'बदललं' एवढंच बघतो, 'का बदललं' पर्यंत जात नाही. फारामिरचं उदाहरण घेते, ह्या माणसावरून झालेली भांडणं मी वर्षानुवर्षं वाचतेय आणि थोडीफार केलीही आहेत. फारामिर म्हणजे बोरोमिरचा धाकटा भाऊ. बोरोमिर फ्रोडोबरोबर निघालेल्यांपैकी एक, तो अंगठीच्या मोहात पडून वाया गेला. पुस्तकात फारामिरच्या हातात फ्रोडो आणि अंगठी आयती सापडते, आणि तो म्हणतो की ही वस्तू रस्त्यात पडलेली असती तरी मी उचलली नसती, आणि सोडून देतो. वाचताना अंगावर काटा येतो, एवढा वेळ ज्याने त्याने त्या अंगठीकडे हपापून बघितलं आणि एक साधा, पुस्तकात रमणारा माणूस निघाला ज्याला तिची हावच नाही. पिक्चरमध्ये हाच फारामिर फ्रोडोला बांधून ओस्गिलियाथ नावाच्या शहरात ओढत नेतो, अंगठी बापाला भेट म्हणून द्यायला, आणि अगदी शेवटी मन बदलतो. वाचलेले लोक थेटरात खवळले, की आमच्या सज्जन माणसाला तुम्ही दुसरा बोरोमिर केलात.

बनवणाऱ्यांचं कारण काय? दोन होती. एक असं, की सिनेमात अंगठी ही एक छोटी सोन्याची वस्तू आहे, ती भयंकर आहे हे लोकांना पटतं ते फक्त तिच्याजवळ आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरून. दोन पिक्चर आम्ही सांगतोय की हिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही, आणि मध्येच एक जण येऊन म्हणाला की मला नको, तर भीतीच संपली. पुस्तकात हे चालतं कारण लेखक आपल्याला फारामिरशेजारी बसवून शांतपणे दोन प्रकरणं बोलत बसतो, पिक्चरला ती सवड नाही. दुसरं कारण निव्वळ सुतारकामाचं आहे. पुस्तकाचा दुसरा खंड दोन भागांत आहे, आधी आरागॉर्न (शेवटी ज्याचा राज्याभिषेक होतो तो) वगैरे मंडळींचा सगळा अर्धा, मग फ्रोडो-सॅमचा सगळा अर्धा, आणि तो संपतो त्या राक्षसी कोळिणीच्या गुहेपाशी. पिक्चरमध्ये असं करता येत नाही, फ्रोडो दीड तास दिसलाच नाही तर लोक विसरतील, म्हणून दोन्ही धागे आलटून पालटून दाखवले. पण मग लक्षात आलं की एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी जुळवल्या तर कोळीण तिसऱ्या पिक्चरमध्ये जाते. कोळीण गेली म्हटल्यावर दुसऱ्या पिक्चरमध्ये फ्रोडोला शेवटी काहीतरी संकट हवं, आणि ते कुणी द्यायचं? बिचारा फारामिर.

हे कळल्यावर माझा राग गेला का, तर अर्धा गेला. उरलेला अर्धा गेला एक्स्टेंडेड व्हर्जन, म्हणजे कापलेले सीन परत घातलेला लांब पिक्चर, बघून. त्यात फारामिर, बोरोमिर आणि त्यांचा बाप डेनेथॉर ह्यांचा एक जुना प्रसंग आहे, बाप मोठ्या मुलाला डोक्यावर घेतो आणि धाकट्याला सगळ्यांसमोर कमी लेखतो. तो एक सीन बघितला की फारामिर अंगठी का नेतोय ते चटकन कळतं, हाव नाहीये ती, बापाने एकदा तरी बरं म्हणावं एवढंच आहे. थेटरमधल्या पिक्चरमध्ये हा सीनच नव्हता. तर आता दोन माणसं फारामिरवरून भांडतायत आणि एकाने थेटरवालं बघितलंय आणि दुसऱ्याने एक्स्टेंडेड, तर ती दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलतायत! तीच गोष्ट सारूमानची. तिसऱ्या पिक्चरच्या थेटर व्हर्जनमध्ये तो दिसतच नाही, बुरुजात कोंडलाय असं सांगून विषय बंद, त्याचा शेवट शूट केलेला होता पण कापला, एक्स्टेंडेडमध्ये परत आला. दोन पिक्चर ज्याला घाबरलो तो व्हिलन गेला कुठे, असं दादाने मला त्या रात्री विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पुस्तकातलं होतं, पिक्चरमधलं नाही. म्हणून कुणाचं मत ऐकताना मी आधी विचारते, कुठलं व्हर्जन.

पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल पिक्चरमधून पूर्ण उडवला त्याबद्दल एवढंच म्हणेन, की ज्याच्यावर अंगठीचा काही परिणामच होत नाही असा माणूस, म्हणजे फारामिरवाली अडचण दुप्पट. काढणं समजू शकते. वाचणाऱ्यांचं म्हणणंही समजू शकते, की अंगठीच्या बाहेरही जग आहे हे सांगायलाच तर तो आहे.

मग टॉल्किनच्याच आधीच्या पुस्तकावरचे 'हॉबिट' पिक्चर आले, २०१२, २०१३, २०१४, आणि मतांची दिशा फिरली. आधीच्या वेळी हजारावर पानांचे तीन पिक्चर केलेले, नऊ तासांच्या वर, आणि तक्रार होती की कापलं. इथे मुलांसाठी लिहिलेलं १९३७ चं एक पुस्तक, जेमतेम तीनशे पानं, १९ प्रकरणं, आणि त्याचे पण तीनच पिक्चर, मिळून जवळजवळ आठ तास. आता तक्रार की ताणलं. पुस्तकातल्या शेवटच्या मोठ्या लढाईत बिल्बोला डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो, उठतो तेव्हा लढाई संपलेली असते. टॉल्किननी लढाई अशी उरकली. पिक्चरने तीच लढाई एवढी वाढवली की तिसऱ्या भागाला नावच तिचं. त्यात टॉरिएल नावाची योद्धा बाई नवीन घातली. ह्याच्यावर मतं सरळ फुटली, कारण पुस्तकात एकही महत्त्वाचं स्त्रीपात्र नाही हे खरंय आणि बऱ्याच जणींना (मलाही) ती आली ह्याचं बरं वाटलं, पण मग तिला प्रेमाच्या त्रिकोणात अडकवलं आणि त्या आनंदावर पाणी पडलं. म्हणजे एकाच माणसाचं एकाच पात्राबद्दल दोन मतं, आणि स्टार द्यायचे असतात एकदाच.

शिवाय 'हॉबिट'च्या वेळी आणखी एक प्रकार झाला ज्याचा गोष्टीशी संबंधच नाही. सिनेमा साधारण सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, हे पिक्चर ४८ फ्रेमने शूट केले आणि काही थेटरांत तसेच दाखवले. फ्रेम दुप्पट झाल्या की हालचालीतला तो हलका धूसरपणा जातो, सगळं एकदम स्पष्ट दिसतं, आणि खूप जणांना ते सिनेमासारखं दिसायच्या ऐवजी टीव्ही सिरियलच्या शूटिंगसारखं दिसायला लागलं, दाढी चिकटवलेली कळते, सेट सेट वाटतो. डोळ्याला २४ ची इतकी सवय आहे की जास्त खरं दाखवलं तर खोटं वाटतं. आता एखादा म्हणाला की 'काहीतरी नकली वाटला राव पिक्चर', तर तो पटकथेबद्दल बोलतोय की फ्रेमबद्दल? बहुतेक वेळा त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

आणि हे सगळं, वाचलेलं-न वाचलेलं, व्हर्जन, फ्रेम, अपेक्षा, शेवटी एका आकड्यात कोंबलं जातं. इथे लोक सर्रास फसतात. रॉटन टोमॅटोज ह्या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या साइटवर ९० टक्के दिसलं की आपण समजतो शंभरपैकी ९० मार्क. तसं नाहीये ते. तो आकडा एवढंच सांगतो की शंभर समीक्षकांपैकी किती जणांना पिक्चर एकंदरीत बरा वाटला. दहा जण म्हणाले 'ठीके, बघायला हरकत नाही', तर शंभर टक्के! आणि दुसऱ्या एका पिक्चरने सात जण वेडे झाले, तिघांनी शिव्या घातल्या, तर सत्तर टक्के. मला विचाराल तर सत्तरवालाच बघायला जाईन. आयएमडीबीचं वेगळं, तिथे लोकांच्या दहापैकी मार्कांची सरासरी, तीही सरळ नाही तर भारित, म्हणजे प्रत्येकाच्या मताचं वजन सारखं नाही. पण सरासरी म्हणजे काय, पाच जणांनी प्रत्येकी आठ दिले तरी आठ, आणि १०, १०, १०, ९, १ असे दिले तरी आठच. महाकाव्यासारख्या फँटसीत हा दुसरा प्रकार जास्त, कारण मत नोंदवायची तसदी कोण घेतो? ज्याला वेड लागलंय तो किंवा ज्याचं डोकं फिरलंय तो. 'बरा होता' वाला माणूस झोपायला गेलेला असतो.

अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून एक प्रकार आहे, पहिल्याच रात्री थेटरबाहेर पडणाऱ्यांना विचारून ए, बी, सी अशी ग्रेड देतात. पहिल्या रात्री रांगेत कोण असतं हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे ती ग्रेड 'चाहते खूश झाले का' एवढंच सांगते. आणि उलटा प्रकार म्हणजे पिक्चर न बघताच ठरवून एकेक स्टार ओतणे. २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजने रिलीजच्या आधी प्रेक्षकांना मतं लिहिता येणं बंद केलं ते अशाच प्रकारांमुळे. २०२२ मध्ये ह्याच दुनियेवरची सिरीज ॲमेझॉनवर आली तेव्हा प्रेक्षकांचे रिव्ह्यू ७२ तास अडवून, तपासून मग लावले गेले.

मग खरं काय वाटतं ते कळणारच नाही का? कळतं, पण आकड्याच्या शेजारी शब्द ठेवायला लागतात. हे काम खरंच केलंय लोकांनी, आणि फार कमी जणांना माहीत असतं. २००३ मध्ये तिसरा पिक्चर येताना वेल्समधल्या अॅबरिस्टविथ विद्यापीठाच्या मार्टिन बार्कर ह्यांच्या पुढाकाराने २० देशांतल्या अभ्यासकांनी प्रेक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, जवळपास २५ हजार. पुढे 'हॉबिट' संपताना हाच खेळ ४६ देशांत, ३६ हजारांवर उत्तरं. किती आवडला हे तर विचारलंच, पण ही तुमच्यासाठी कुठल्या प्रकारची गोष्ट आहे तेही विचारलं, परीकथा, युद्धकथा, शोधाचा प्रवास, चांगलं विरुद्ध वाईट, आध्यात्मिक प्रवास, स्पेशल इफेक्टवाला पिक्चर असे पर्याय, आणि पुढे आपल्या शब्दांत लिहायला जागा. हा प्रश्न मला भारी वाटतो, कारण निम्मी भांडणं इथेच उलगडतात. जो युद्धकथा बघायला बसलाय त्याला हेल्म्स डीपनंतर सगळं फिकं वाटणार आणि शेवटची ती मिनिटं निम्मी केली तरी जास्त. जो घर सोडून गेलेल्या पोरांचा प्रवास बघतोय त्याला लढाया लांबलेल्या वाटणार, आणि शेवटी सॅम घरी येऊन दार लावतो तिथे तो रडणार.

टॉल्किन ह्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर, ज्यांनी बापाच्या कागदपत्रांवर अख्खं आयुष्य घालवलं, त्यांनी २०१२ मध्ये 'ल मोंद' ह्या फ्रेंच वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत ह्या पिक्चरवर कडक टीका केली, की पंधरा ते पंचवीसच्या पोरांसाठीचा ॲक्शनपट करून ठेवलाय. त्याच तिसऱ्या पिक्चरला २००४ मध्ये ११ नामांकनांपैकी ११ ऑस्कर मिळालेली. त्यांच्या डोक्यात जो दुसरा पिक्चर चालू होता तो आपल्या कुणाच्याच डोक्यात असणं शक्य नाही, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत मी पडत नाही.

दादाचं म्हणाल तर बरेच दिवसांनी मी त्याला ते एक प्रकरण वाचायला लावलं, शायरवालं, नुसतं तेवढंच. एका बसणीत वाचलं त्याने, सारूमान कुठे गेला होता तेही कळलं. पुस्तक परत देताना म्हणाला, "छान आहे गं. पण हे पिक्चरमध्ये असतं ना, तर मी चौथ्यांदा लाइट लावला असता."